तीनशे ग्रॅमचा फरक

तीन किलो वजनाच्या कुत्र्याचे वजन तीनशे ग्रॅमने घटले, तर ते घरात कोणाच्याही ध्यानात येत नाही. केस दाट असतात, अंग झाकलेले असते, दारात शेपूट पूर्वीसारखीच हलत असते. व्यापारी घराण्यात मात्र हे प्रमाण समजावून सांगावे लागत नाही. तीन किलोमागे तीनशे ग्रॅम म्हणजे दहा टक्के. साठ किलोच्या माणसाचे वजन कारण नसताना सहा किलोने उतरले, तर घरचे दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेतील. कुत्र्याच्या बाबतीत तेच सहा किलो तीनशे ग्रॅमचे रूप घेऊन येतात आणि नजरेतून निसटतात.

लहान जातीच्या कुत्र्यांची नियमित तपासणी का करावी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे. उरलेले निम्मे त्या प्राण्याच्या स्वभावात आहे. कुत्रा दुखणे लपवतो. दात किडला तरी खातो, गुडघ्याची वाटी सरकली तरी तीन पायांवर दोन उड्या मारून पुन्हा धावू लागतो, मूत्रपिंडे निम्म्याहून अधिक निकामी झाली तरी मालकाच्या स्वागताला उठतो. तो आजारी आहे हे घरच्यांना कळते तोवर आजार बहुधा जुना झालेला असतो.

पाली हे सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ, पाठीशी सरसगड, जवळून वाहणारी अंबा नदी आणि सभोवार भातखाचरे. कोकणातील अशा बाजारपेठांच्या गावांतून खाली दुकान आणि वर किंवा मागे राहते घर, ही जुनी रीत अजून टिकून आहे. राखणीचा मोठा कुत्रा अंगणात असे, ती गोष्ट वेगळी. आता पग, शिह त्झू, डॅशहंड, ल्हासा अप्सो ही मंडळी थेट घरात, पुष्कळदा गादीवर येऊन बसली आहेत. पांढरा ‘पॉमेरेनियन’ तर कधीचाच आला आहे; आपल्याकडे त्या नावाने जो पाळला जातो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो, हे जाता जाता सांगायला हवे. ही लहान कुत्री मोठ्यांपेक्षा अधिक जगतात. बारा ते पंधरा वर्षांचे आयुष्य त्यांना सहज लाभते. याचाच दुसरा अर्थ असा की त्यांचे म्हातारपणही लांबते.

पावसाआधीचा महिना

तपासणी केव्हा करावी, हे पुस्तकापेक्षा पालीचा पाऊस अधिक चांगले सांगतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून चार महिने ओल असते. खाचरांत पाणी साचते, उंदीर बिळांतून बाहेर पडून घरांत आणि गोदामांत येतात, आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात मिसळतात. कोकणात हा रोग ‘लेप्टो’ या आखूड नावाने घरोघरी ठाऊक आहे, कारण पावसाळ्यात तो माणसांनाही होतो. कुत्र्यात तो मूत्रपिंडे आणि यकृत या दोहोंवर घाला घालतो. सुरुवातीला उलटी, सुस्ती, अन्नावरची वासना जाणे. पुढे डोळ्यांत आणि हिरड्यांवर पिवळेपणा. बाधित कुत्र्याच्या मूत्रातून जंतू घरातील माणसांपर्यंत पोहोचू शकतात, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ज्यांचे दुकान किराणा मालाचे किंवा धान्याचे आहे, त्यांच्यासाठी ही सूचना अधिक जवळची आहे. पोत्यांच्या मागे उंदरांचा वावर असतो, आणि लहान कुत्र्याला त्याच फटीत नाक खुपसण्याची हौस असते. त्यातच शेजारच्या गाळ्यात उंदरांसाठी विष ठेवलेले असेल, तर धोका दुहेरी होतो.

लेप्टोवर लस आहे. कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या अनेक संयुक्त लसींत तिचा अंतर्भाव असतो, परंतु सर्वच लसींत नसतो. म्हणून कुप्पीवर काय लिहिले आहे ते विचारून घ्यावे. पहिल्यांदा घेताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि दुसऱ्या मात्रेनंतरही संरक्षण तयार होण्यास थोडा अवधी जातो. जून उजाडल्यावर दवाखाना गाठणाऱ्याला हा अवधी मिळत नाही. चैत्र-वैशाखात पहिली मात्रा घेतली, तर पाऊस लागेपर्यंत काम पूर्ण होते. पार्व्हो आणि डिस्टेंपर यांच्या लसींचे संरक्षण पिलूपणीची मालिका आणि पहिल्या वर्षानंतरची मात्रा पूर्ण झाल्यावर काही वर्षे टिकते, त्यामुळे त्यांच्या पुढील मात्रांचे अंतर पशुवैद्य ठरवू शकतात. लेप्टोचे तसे नाही. ते संरक्षण वर्षभराचेच असते. रेबीजच्या लसीबाबत तर कसलाही विचार करत बसू नये. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली मात्रा, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, आपल्याकडे बहुधा दरवर्षी. कुत्रा घराबाहेर जात नाही म्हणून रेबीजचा धोका नाही, असे मानणारी घरे पुष्कळ आहेत. दुकानाच्या दारात भटकी कुत्री येतातच, आणि हा रोग एकदा लक्षणांपर्यंत पोहोचला की तो जवळजवळ हमखास प्राण घेतो.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र निराळी आहे. एकाच दिवशी अनेक लसी टोचल्या, तर तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलटी होणे असा त्रास मोठ्या कुत्र्यांपेक्षा लहानांना थोडा अधिक संभवतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर पहिल्या काही मिनिटांपासून तासाभरातच बहुधा दिसू लागते. म्हणून लस टोचून लगेच गाडीत बसू नये. अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर थांबावे. मागच्या खेपेला काही त्रास झाला असेल, तर तो आधीच सांगावा, म्हणजे लसी वेगवेगळ्या दिवशी देता येतात.

वीस मिनिटांत काय होते

चांगला पशुवैद्य सुईला हात लावण्याआधी कुत्र्याला जमिनीवर चालू देतो. त्याची चाल, मान, श्वास पाहतो. मग वजन, मग ताप. कुत्र्याचे नेहमीचे तापमान एकशे एक ते साडेएकशे दोन अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. त्यामुळे अंग हाताला गरम लागले म्हणजे ताप आला, हा घरगुती निष्कर्ष बरेचदा चुकतो. नंतर हिरड्यांचा रंग, गळ्याखालच्या गाठी, कान, त्वचा, पोट, आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथी. पग किंवा शिह त्झू असेल तर बटबटीत डोळ्यांना काही खरचटले आहे का, हे नीट पाहिले जाते. मागचा पाय वाकवून गुडघ्याची वाटी जागेवर आहे की नाही, ते तपासले जाते. लहान जातींत ती सरकण्याची खोड असते, आणि ‘लाडाने लंगडतो’ म्हणून ज्याचे कौतुक होते, तो कुत्रा पुष्कळदा याच दुखण्याचा असतो.

दातांपाशी मात्र थोडे थांबायला हवे. मोठ्या कुत्र्याला जितके दात, तितकेच लहानाला: बेचाळीस. जबडा मात्र आक्रोडाएवढा. दाटीवाटीने उभ्या असलेल्या या दातांच्या फटींत अन्न अडकते, त्यावर पिवळे-तपकिरी कीटण चढते, हिरड्या सुटू लागतात. तीन वर्षांच्या आतच बहुतेक लहान कुत्र्यांना हिरड्यांचा काही ना काही विकार जडलेला असतो. शिवाय चार ते सात महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून कायमचे येतात, तेव्हा लहान जातींत दुधाचा सुळा पडायचा राहून जातो आणि दोन सुळे शेजारी शेजारी उभे राहतात. सात-आठ महिन्यांच्या पिलाचा ओठ वर करून एवढे पाहिले, तरी पुढचा बराच त्रास टळतो. तोंडाला वास येणे हा कुत्र्याचा स्वभावधर्म नव्हे. दात घासण्यासाठी मुलांचा मऊ ब्रश चालतो, माणसांची टूथपेस्ट मात्र चालत नाही, कारण कुत्रा ती थुंकत नाही, गिळतो. कीटण फारच झाले असेल तर भूल देऊन दात साफ करावे लागतात, आणि भूल देण्याआधी रक्ताची तपासणी लागते.

मग छातीवर स्टेथोस्कोप येतो. लहान जातींत वय वाढते तशी हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होऊन पुरती मिटेनाशी होते. रक्त थोडे मागे परतते आणि ठोक्यांच्या मध्ये एक कुजबुज ऐकू येऊ लागते. या अवस्थेत कुत्रा ना खोकतो, ना दमतो. घरच्यांना काही कळण्याचा मार्गच नसतो. ते फक्त स्टेथोस्कोपला कळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशाच ३६० कुत्र्यांचा पाठपुरावा केला होता. ज्यांचे हृदय मोठे झाले होते पण लक्षणे अजून उमटली नव्हती, अशा कुत्र्यांना पिमोबेंडान हे औषध सुरू केले असता त्यांचा लक्षणरहित काळ सुमारे पंधरा महिन्यांनी वाढला. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे माणसाच्या आयुष्यातील कित्येक वर्षे. हे महिने मिळतात ते खोकला सुरू होण्याआधी दवाखान्यात गेलेल्यांना.

ज्या कुत्र्याला अशी कुजबुज आहे, त्याच्यासाठी घरी करण्याजोगी एक तपासणी आहे आणि तिला काहीही खर्च नाही. तो गाढ झोपलेला असताना छाती वर-खाली होते ती मिनिटभर मोजायची. वर-खाली मिळून एक श्वास. तीसच्या आत असले तर ठीक. सतत तीसच्या वर जाऊ लागले तर फोन उचलायचा.

रक्ताच्या दोन थेंबांत

निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याचे रक्त का काढायचे, या प्रश्नावर बहुतेक घरे अडखळतात. एवढ्याशा जिवाचे रक्त काढणे निर्दयपणाचे वाटते. हिशेब असा आहे: कुत्र्याच्या शरीरात दर किलोमागे अदमासे ८५ ते ९० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे तीन किलोच्या कुत्र्यात अडीचशे मिलिलिटरच्या आसपास. तपासणीला त्यातले दोन-तीन मिलिलिटर पुरते.

त्या बदल्यात काय मिळते, हे समजण्यासाठी गोचीडतापाचे उदाहरण पुरेसे आहे. तपकिरी रंगाची ही गोचीड कुत्र्याच्या अंगावर रक्त पिते आणि अंडी घालायला भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पायपुसण्याखाली जाते. एक मादी हजारांनी अंडी घालते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे सूक्ष्म जीव कुत्र्याच्या रक्तात शिरतात. पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो, कुत्रा दोन दिवस जेवत नाही, मग आपोआप बरा झाल्यासारखा दिसतो. घरचे निश्चिंत होतात. एर्लिकिया मात्र शरीरात दबा धरून बसतो. कधी महिने, कधी वर्षे. त्या काळात कुत्रा खेळतो, खातो, धावतो. फक्त रक्तातील प्लेटलेटची संख्या हळूहळू उतरत असते. डेंग्यूमुळे हा शब्द आता प्रत्येक घराला परिचित आहे. पुढे एके दिवशी नाकातून रक्त येते, पोटावर जांभळे डाग उमटतात, आणि तोवर अस्थिमज्जाच थकलेली असू शकते. मधल्या शांत काळात रोग पकडला, तर डॉक्सिसायक्लिनसारख्या, बहुधा चार आठवड्यांच्या साध्या गोळ्यांनी तो आटोक्यात येतो. त्या काळात तो दाखवणारे चिन्ह कुत्र्याच्या वागण्यात शोधून सापडत नाही, रक्ताच्या तपासणीतच सापडते.

येथे पालीसारख्या गावासाठी एक व्यावहारिक सूचना. माणसांच्या प्रयोगशाळेतील यंत्र माणसाच्या रक्तपेशींसाठी जुळवलेले असते; कुत्र्याच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात आणि यंत्र त्या कमी मोजते. म्हणून केवळ छापील आकडा पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती करावी. रक्त नळीत घेतल्यावर लगेच ही पट्टी तयार करून ठेवली, तर नमुना पनवेलला किंवा मुंबईला पोहोचायला उशीर झाला तरी ती खरे सांगते.

मूत्राची तपासणी तर पुष्कळ जण टाळतातच, कारण वाटी घेऊन कुत्र्यामागे फिरणे त्यांना संकोचाचे वाटते. वास्तविक ही तपासणी रक्ताइतकीच मोलाची आहे. मूत्रपिंडाचे काम तीन-चतुर्थांश बुडाले, तेव्हा कुठे रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागते. मूत्र पातळ होणे, ही खूण त्याआधीच दिसते. सकाळी पहिल्यांदा बाहेर नेताना एक चपटे, स्वच्छ भांडे हाती असले की काम होते. कुत्रा हल्ली पाण्याचे भांडे लवकर रिकामे करतो, असे वाटत असेल तर तेही सांगावे. मादीची नसबंदी झालेली नसेल आणि ती सहा वर्षांपुढे असेल, तर वाढलेली तहान हे गर्भाशयात पू साचल्याचेही लक्षण असू शकते. ते दुखणे उद्यावर टाकण्याजोगे नसते.

शाकाहारी घरातले ताट

जैन स्वयंपाकघर नकळत कुत्र्यावर एक मोठा उपकार करते. कांदा आणि लसूण हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चे असोत, शिजवलेले असोत की वाळवून पूड केलेले. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरातील उरलेल्या भाजीत हा धोकाच नसतो. त्याच घरातील सुक्या मेव्याचा डबा मात्र तितका निरुपद्रवी नाही. मनुका आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पाडतात, आणि किती खाल्ल्यावर अपाय होतो याचा भरवशाचा आकडा नाही. म्हणून एकही देऊ नये. चॉकलेट तसेच. मधुमेही आजोबांच्या साखरविरहित च्युइंगमात झायलिटॉल असेल, तर त्याचा छोटा तुकडाही लहान कुत्र्याची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवू शकतो.

देवस्थानच्या गावात पेढ्यांचा विषय काढणे भाग आहे. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसभरात अदमासे साडेतीनशे कॅलरी पुरतात. एका मध्यम पेढ्यात ऐंशीच्या आसपास असतात. घरातल्या चौघांनी आपापल्या परीने प्रेम म्हणून एकेक पेढा भरवला, की कुत्र्याचे दिवसाचे जेवण तेथेच संपले. त्यावर तुपाची पोळी वेगळी. स्थूल कुत्र्याचे गुडघे आणि श्वासनलिका आधी बिघडतात. तुपकट खाण्याने स्वादुपिंड सुजले तर कुत्रा पोट धरून कण्हतो.

शाकाहारावर कुत्रा जगतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येते, पण ते अटींसह. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे काढताना कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती आली आहे. मांजराचे तसे नाही, तिला मांसाहार अपरिहार्य आहे. मात्र दूध-भात किंवा दूध-पोळी म्हणजे परिपूर्ण आहार नव्हे. त्यात प्रथिने अपुरी पडतात, कॅल्शियम आणि जस्त यांचा मेळ बसत नाही, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव राहते. पूर्ण पोषणाचा उल्लेख असलेला तयार शाकाहारी आहार बाजारात मिळतो. घरचेच द्यायचे असेल तर पशुवैद्याकडून त्याचे प्रमाण लिहून घ्यावे. वनस्पतिजन्य आहारामुळे मूत्र अल्कधर्मी होण्याकडे कल असतो, आणि शिह त्झूसारख्या जातींत मूत्राशयात खडे होण्याची प्रवृत्ती मुळातच आहे. म्हणूनच शाकाहारी घरातल्या कुत्र्याला वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन आणि मूत्र यांची तपासणी इतरांपेक्षा अधिक गरजेची आहे.

चौविहार पाळणाऱ्या घरात कुत्र्याचेही जेवण सूर्यास्ताआधी उरकते. रक्ततपासणीसाठी आठ-दहा तासांचा उपवास लागतो, तो त्यामुळे आपोआप साधतो. परंतु पिलाला आणि दोन किलोच्या आतबाहेर असलेल्या अगदी लहान कुत्र्याला इतका वेळ उपाशी ठेवणे घातक ठरू शकते. त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. त्याला किती वेळ उपाशी ठेवायचे, हे आधी विचारावे. पर्युषणात घर उपवासाला बसले असेल, तरी त्याचे भांडे वेळेवर भरले जाईल अशी जबाबदारी एकाने घ्यावी.

गोचीड, जंत आणि जीवदया

एक प्रश्न या मासिकाच्या वाचकांना पडतोच आणि दवाखान्यात तो सहसा विचारला जात नाही. कुत्रा पंचेंद्रिय, गोचीड त्रींद्रिय, जंत द्वींद्रिय. एकाच्या रक्षणासाठी दुसऱ्याची विराधना करावी का? प्रत्येक घर आपल्या श्रद्धेप्रमाणे याचे उत्तर देईल. त्या निर्णयाला उपयोगी पडेल अशी माहिती एवढीच की, सर्व उपाय सारखे नसतात. तोंडाने द्यायची गोळी गोचीड चावल्यावरच काम करते आणि तिला मारते. काही गळपट्ट्यांतील आणि मानेवर टाकायच्या थेंबांतील औषध मात्र गोचिडीला अंगाशी येण्याआधीच बऱ्याच अंशी परतवते. संपर्कात आलेल्या काही मरतातही, हे लपवण्यात अर्थ नाही. रोज संध्याकाळी बारीक दातांच्या कंगव्याने केस विंचरणे, पायांच्या बोटांमध्ये आणि कानांमागे पाहणे, अंथरूण उन्हात घालणे, फटी बुजवणे, हे जयणेचेच मार्ग आहेत. त्यांनी गोचिडीला घरात ठाणच मांडू दिले नाही, तर पुढे शेकडोंवर औषध फवारण्याची वेळ येत नाही. घर गोचिडींनी भरल्यावर जीवदयेचा विचार फार अवघड होऊन बसतो.

जंतांच्या औषधाबाबतही असेच. तपासणीआधी ताज्या विष्ठेचा नमुना नेला, तर जंत आहेत की नाहीत आणि कोणते आहेत ते समजते, आणि प्रौढ कुत्र्याला गरजेपुरतेच औषध देता येते. लहान पिलांना मात्र आईकडूनच जंत येतात. त्यांच्या बाबतीत वाट पाहू नये. काही जंतांचा संसर्ग अंगणात खेळणाऱ्या मुलांनाही होतो.

गुरांच्या गोठ्यासाठी शेतीच्या दुकानांत मिळणारे गोचीडनाशक मात्र लहान कुत्र्यावर कदापि वापरू नये. मोठ्या कुत्र्याची मात्रा अर्धी करून देणेही तितकेच अनिष्ट. घरातील तापाची पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची आयबुप्रोफेन ‘पाव गोळीच तर आहे’ म्हणून दिली जाते. तीन किलोच्या शरीराला ती पावच पुरेशी विषारी ठरू शकते.

या प्रांतातील जीवदयेची परंपरा कुत्र्यांपासूनच सुरू झाली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांनी भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि शहर बंद पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. परळला दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून बाई साखराबाई पशुरुग्णालय आले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. २०२४ च्या जुलैत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे पाच मजली रुग्णालय उघडले. या परंपरेचा अभिमान योग्यच आहे. पण पांजरपोळीची दया मुळात संकट ओढवल्यानंतरची आहे. टाकून दिलेल्या, जखमी, जराजर्जर जिवाला ती आसरा देते. घरातल्या कुत्र्याला त्याच्या आधीची दया हवी असते, आणि तिला देणगीची पावती नसते. कदाचित म्हणूनच तिचे महत्त्व आपल्या घरांत उशिरा पोहोचले. पांजरपोळीला दरवर्षी नेमाने दान पाठवणाऱ्या घरात आपल्याच कुत्र्याचे लसपत्र तीन वर्षे उघडलेले नसते, हे चित्र दुर्मीळ नाही.

पालीत राहून

तालुक्याच्या ठिकाणी शासनाच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा भर साहजिकच गुरांवर, शेळ्यांवर, कोंबड्यांवर असतो. तरीही तपासणी, वजन, रेबीजची लस, जंतांचे औषध, रक्ताचा नमुना घेणे एवढी कामे गावातच किंवा आसपासच्या खाजगी पशुवैद्याकडे होऊ शकतात. पुष्कळ घरे ‘मुंबईला जाऊ तेव्हा दाखवू’ म्हणून थांबतात आणि ते जाणे लग्नसराई, दिवाळीचा हंगाम, वर्षाअखेरचा हिशेब यांत मागे पडत राहते. सोनोग्राफी किंवा हृदयाची सविस्तर तपासणी यांसाठीच पनवेल, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. आणि ती लागेल की नाही, हे गावातली पहिली तपासणीच ठरवते.

मधल्या काळात घरानेच करायचे काम व्यापाऱ्याला जमणारे आहे. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. खाद्यपदार्थांचा नव्हे, पार्सलचा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी खाण्याआधी, कुत्र्याला टोपलीत बसवून वजन करावे, टोपलीचे वजन वजा करावे आणि आकडा वहीत लिहावा. त्याच पानावर लसीची तारीख, लसीचे नाव आणि कुप्पीवरची चिकटपट्टी, जंतांचे औषध केव्हा दिले, झोपेतील श्वास किती होते, मादी असेल तर ऋतुकाळ केव्हा येऊन गेला. रक्ततपासणीचे कागदही तेथेच. पहिल्या वर्षीचा निरोगी अहवाल सर्वांत मोलाचा असतो, कारण पुढे एखादा आकडा छापील मर्यादेच्या आतच राहून सरकू लागला, तरी तो कशापासून सरकला हे त्यावरून कळते. एखादा आकडा मर्यादेबाहेर आलाच, तर लगेच औषध मागू नये. पशुवैद्य बहुधा दोन-तीन आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायला सांगतात, आणि ते योग्यच असते.

सात वर्षांच्या आतील कुत्र्याला वर्षातून एकदा, वैशाखात, एवढे पुरे. सातपुढच्या कुत्र्याला दुसरी तपासणी कार्तिकात करावी. चातुर्मास संपलेला असतो, फटाक्यांच्या आवाजाने धास्तावलेले हृदय शांत झालेले असते, आणि पावसाळ्यात चावलेल्या गोचिडीचा परिणाम प्लेटलेटच्या आकड्यात दिसण्याजोगा झालेला असतो. दवाखान्यात जाताना वही बरोबर न्यावी.